सोजराबाईचा पुरवणी जबाब

सोजराबाई रागीट आहे, हे आमच्या गल्लीत नव्याने आलेल्या भाडेकरूलाही दोन दिवसांत कळायचं. नळ उशिरा आला की ती चिडायची, गिऱ्हाइकाने टमाटे दाबून पाहिले की चिडायची, आणि शाळा सुटायच्या आधी एखादं पोर रस्त्यावर दिसलं की माझ्यावर चिडायची, कारण त्या शाळेत मी मास्तरीण होते. नवरा गेल्यावर गावाबाहेरच्या दीड एकरात तिने वांगी, मेथी, पालक पिकवला, रोज सकाळी बाजारात बसून विकला आणि दोन मुलींची लग्नं केली. तिच्या आवाजाला आम्ही सगळे सरावलो होतो. या रागातून काही घडू शकतं, असं मला कधी वाटलं नव्हतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. खामगावहून एसटीने पाऊण तास लागतो, एवढं पुरे. आमची गल्ली बाजाररस्त्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाते. बत्तीस घरं आहेत. नकाशात ती बारा फूट रुंद आहे. प्रत्यक्षात प्रत्येकाने आपापल्या दारापुढे थोडं थोडं घेतलेलं. कोणाचा ओटा, कोणाची पायरी, कोणाची पाण्याची टाकी. माझ्या दारात वरच्या मजल्यासाठी आणलेल्या विटा चार वर्षं रचून ठेवलेल्या होत्या. मजला काही चढला नाही, विटा तिथेच राहिल्या.

आणि गल्लीच्या तोंडाशी हिंमतरावांची ट्रॉली. हिंमतराव म्हणजे सोजराबाईचे चुलत दीर, चाळीस एकरांचे मालक. गल्लीत कोणाच्या घरी लग्न असो की मयत, पहिला शब्द त्यांचा. ट्रॅक्टर शेतात असायचा आणि ट्रॉली इथे. तिचं एक चाक बसलेलं होतं, वर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, रचलेली होती. दीड वर्ष आम्ही तिच्या बाजूने अंग चोरून, स्कूटर तिरकी करून जात होतो. कोणी एक शब्द बोललं नाही. सोजराबाईही नाही.

दोन हजार तेवीसचा उन्हाळा होता. भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस विकलाच नव्हता. घराघरांत खोल्या भरलेल्या, माणसं अंगणात झोपलेली, अंगाला खाज सुटलेली. हिंमतरावांच्या दोन खोल्या भरल्या, म्हणून उरलेला कापूस त्यांनी दारापुढे टिनाचं शेड ठोकून त्यात भरला. ते शेड त्यांच्या घरापुरतं नव्हतं. शेजारच्या बनाबाईच्या अर्ध्या दारापुढे ते आलं होतं.

बनाबाई सत्तरीची. खुब्याचं हाड मोडल्यापासून काठीशिवाय उठता येत नव्हतं. मुलगा गणेश कामासाठी पुण्याकडे, सून तिकडेच. एका खोलीचं घर, मागे गज बसवलेली एक खिडकी आणि पुढे एकच दार. ती दिवसभर दारात बसून वाती वळायची आणि देवळात द्यायची. साऱ्या गल्लीत सोजराबाई जिच्यावर कधी ओरडली नाही, अशी ही एकटीच. बाजारातून येताना उरलेल्या भाजीतलं चांगलं वांगं ती बाजूला काढायची आणि तासभर बनाबाईच्या दारात बसायची. दोघी फार बोलत नसत. शेड ठोकलं त्या दिवशी बनाबाई एवढंच म्हणाली होती की, आता उजेड कमी येतो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दीडच्या सुमाराला, शेडवरून गेलेल्या वायरीची ठिणगी कापसावर पडली. मी स्वयंपाकघरात होते. आधी जळका वास आला, मग कोणीतरी टिनावर दगड मारल्यासारखा आवाज. बाहेर येऊन पाहते तो शेडमधून पांढरा धूर असा निघत होता की पलीकडचं देऊळ दिसेना. कापूस भडकतो कमी, आतल्या आत जळत जातो आणि त्याच्या धुरात श्वास घेता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बायकांनी बादल्या आणल्या. पुरुष मागच्या बाजूने खिडकीकडे धावले. गज काही निघेनात. पुढचं दार शेडला लागून होतं, धुरामुळे तिथे कोणाला जाता येईना. आतून बनाबाईची काठी दारावर आपटत होती, ती आम्ही ऐकत होतो.

अग्निशमनचा बंब अकरा मिनिटांत आला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे पुष्कळांनी बंब उशिरा आला असं सांगितलं. बंब वेळेत आला आणि ट्रॉलीमागे उभा राहिला. पंधरा माणसांनी ट्रॉली ढकलली, पण बसलेल्या चाकावर ती वीतभरही सरकली नाही. हिंमतराव खामगावला गेले होते, ट्रॅक्टर चार किलोमीटरवर. बंबावरचा शेखर नावाचा फायरमन खाली उडी मारून पाईप जोडत पळाला. पाईप दोनशे फुटांचा होता, आणि आग तीनशे फुटांवर. शेवटी त्याने आणि त्याच्या जोडीदाराने देवळाच्या बाजूने बनाबाईच्या छपरावर चढून टिन उचकटलं आणि वरून आत उडी घेतली. शेखरने बनाबाईला पाठीवर घेऊन बाहेर काढलं, तेव्हा बंब येऊन पस्तीस मिनिटं झाली होती. तिच्या अंगावर भाजल्याची खूण नव्हती. धुराने गेली होती.

सोजराबाई याच वेळी बाजारातून आली. तिने आधी ट्रॉली पाहिली, ट्रॉलीमागे अडकलेला बंब पाहिला, मग धावली. आम्ही तिला धरून ठेवलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओट्यावर झोपवलेल्या बनाबाईच्या कपाळावरची काजळी तिने पदराने पुसली आणि मग ती वळून गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिचा चेहरा तेव्हा कसा होता, ते मला सांगता येणार नाही. मी नजर काढून घेतली.

पोलिसांनी पंचनामा केला. दुसऱ्या दिवशी हवालदार इंद्रभान जबाब घ्यायला गल्लीत फिरले. त्याच्या आदल्या संध्याकाळी हिंमतराव घरोघर येऊन गेले होते. धमकी वगैरे काही नाही. त्यांचा आवाज बसलेला होता, डोळे लाल होते. म्हणाले, झालं ते वाईट झालं, शॉर्ट सर्किट कोणाच्या हातात असतं, आता आपसांत कशाला वाढवायचं. मलाही ते पटलं, किंवा पटवून घेतलं. त्यांचा आणि आमचा घरोबा जुना आहे. माझ्या यजमानांच्या आजारपणात रात्रीअपरात्री त्यांचीच गाडी आम्हाला अकोल्याला घेऊन गेली होती. इंद्रभानना मी सांगितलं, शॉर्ट सर्किटमुळे आग लागली, धूर फार होता, त्यामुळे वाचवता आलं नाही. त्यांनी विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, नाही. सही केली.

बनाबाईच्या तेराव्याचा सगळा खर्च हिंमतरावांनी उचलला. देवळापुढे मांडव, पंगत. गणेश डोकं भादरून, मान खाली घालून बसला होता. पंगतीत सोजराबाईच्या पानावर बुंदी वाढली. तिने पान दोन्ही हातांनी उचललं आणि चालत जाऊन हिंमतरावांच्या पुढ्यात ठेवलं.

"भाऊजी, हा घास माह्या घशाखाली जात नाई. बनीले वायरीनं मारलं नाई. तुमच्या ट्रॉलीनं मारलं. हे अठी बसलेल्या सगळ्याइले मालूम आहे, आन् सगळे जेवून राह्यले."

पंगत थांबली. एका म्हाताऱ्याने सोजराबाईला गप केलं, तेराव्याला असं बोलू नये म्हणून. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि निघून गेली. ती गेल्यावर पंगत पुन्हा सुरू झाली. मीही जेवले.

त्यानंतर गल्लीने तिला बाजूला टाकलं. जाहीरपणे कोणी काही केलं नाही. तिच्याकडून भाजी घेणं बंद झालं, नळावर ती आली की बोलणं थांबायचं. तिला हिंमतरावांच्या वाट्यातली जमीन हवी आहे, म्हणून हे चाललंय, असंही कोणीतरी उठवलं. ती ठाण्यात गेली.

तिथे काय झालं ते मला पुढे इंद्रभाननीच सांगितलं. तिने विचारलं, बनाबाईच्या कागदात ट्रॉली लिहिली आहे का. त्यांनी सांगितलं की अकस्मात मृत्यूची नोंद आहे, अकरा जबाब आहेत, आणि अकराही जबाबांत ट्रॉली हा शब्द नाही. पंचनाम्याच्या वेळेपर्यंत हिंमतरावांनी ट्रॅक्टर आणून ती बाजूला ओढून नेली होती. सोजराबाई म्हणाली की मग माझा जबाब घ्या. इंद्रभाननी घेतला. पण ते सरळ माणूस, त्यांनी हेही सांगितलं की तुम्ही आग लागली तेव्हा बाजारात होता, उशिरा आलात. आधीपासून तिथे होती ती माणसं बोलल्याशिवाय या एका कागदाला वजन येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली. मी आत बोलावलं. ती आली नाही. विटांच्या ढिगाला टेकून उभी राहिली आणि माझ्याशी अगदी हळू बोलली. इतकी वर्षं तिचं ओरडणं ऐकलेलं, पण हा आवाज मला नवा होता.

"बाई, तुमी कुठी उभ्या होत्या तवा?"

मी म्हटलं, "इथेच. दारात."

"तिची काठी ऐकली?"

"ऐकली."

"किती वेळ?"

मी विटांकडे पाहिलं. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "बंब आल्यावरही वाजत होती. बराच वेळ."

"मंग हे काऊन नाई सांगतलं पोलीसले? तुमी माह्या दोनी पोरीइले शिकवलं. खोटं बोललं म्हून धाकलीच्या हातावर छडी मारली होती तुमी. मी तवा तुमाले काई म्हनलं नाई. बरं केलं म्हनलं."

एवढं बोलून ती गेली. मला तिचा राग आला, हे कबूल करते. शेजारधर्म काय असतो हे तिला कळत नाही, असं मी यजमानांना म्हणाले. ते बिछान्यावर पडून होते. म्हणाले, "गाडी हिंमतरावांची होती, म्हणून मी वाचलो. पण बनाबाईकडे कोणाची गाडी नव्हती." मग त्यांनी कूस बदलली. त्या दिवशी आमचं जेवण झालं नाही.

सकाळी मी ठाण्यात गेले. इंद्रभाननी कोरा कागद काढला आणि वर लिहिलं, पुरवणी जबाब. मी सगळं सांगितलं. ट्रॉली, चाक, पऱ्हाटी, पंधरा माणसं, काठी. माझ्या विटांचंही सांगितलं, कारण शेखर पाईप घेऊन पळताना त्या विटांना अडखळून पडला होता आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाहेर पडताना वाटलं की आता हिंमतरावांशी आपलं संपलं. संपलंही. पण आठवडाभरात आणखी चार माणसं जाऊन जबाब देऊन आली. हिंमतरावांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. ट्रॉली शेतात गेली. मी विटा उचलून देवळाच्या पाराला दिल्या.

सोजराबाईचं एवढ्याने भागलं नाही. ट्रॉली गेल्यावर ती अग्निशमनच्या शेडमध्ये गेली आणि शेखरला विचारलं की आता आमच्या गल्लीत तुझा बंब शिरतो का. शेखर कंत्राटावरचा, तिशीतला. बनाबाईला पाठीवर घेतल्यापासून तो नीट झोपला नव्हता, असं तो मला एकदा म्हणाला होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की नुसतं पाहून सांगता येणार नाही, आणून पाहावा लागेल. ती म्हणाली, आण मग. त्याने साहेबांची परवानगी काढली.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी बंब आला. सगळी गल्ली ओट्यांवर उभी होती, जत्रेतला रथ पाहावा तशी. इंद्रभानही आले होते. हिंमतराव आपल्या जळक्या शेडपुढे हात मागे बांधून उभे होते. सोजराबाई बंबाच्या पुढे चालत होती आणि लोकांना ओरडत होती. ही मोटरसायकल काढ, तो पलंग उचल, तुह्या पायरीले मुहूर्त पायजे का. बंब गल्लीच्या तोंडातून आत शिरला, माझ्या दारावरून गेला, दोन ओट्यांना घासत पुढे सरकला. आणि सोजराबाईच्या घरापाशी थांबला.

तिच्या घराला लागून गल्लीत अडीच फूट पुढे आलेली न्हाणी होती. विटांची, वर पत्रा. तिथून पुढे रस्ता आठ फुटांचाही नव्हता. शेखरने आरसे दुमडले. त्याचा जोडीदार भिंतीशी उभा राहून हाताने खुणा करत होता. चाक एकदा मागे, एकदा पुढे. मग जोडीदाराने हात हलवून नाही म्हटलं. वीतभर कमी पडत होतं.

हिंमतराव तिथूनच, आवाज न चढवता म्हणाले, "वहिनी, आता जा ठाण्यात. सांगा त्याईले, ट्रॉलीनं मारलं म्हून."

दोन-चार लोक हसले. सोजराबाईने न्हाणीच्या भिंतीवर हात ठेवला. ती भिंत तिच्या नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बांधली होती. त्याआधी ती पहाटे अंधारात, साडीचा आडोसा करून उघड्यावर अंघोळ करायची. तो माणूस पिणारा होता, मारणारा होता. त्याने तिच्यासाठी केलेली चांगली गोष्ट म्हणून ती ही एकच न्हाणी दाखवायची. एवढ्या वर्षांत ती न्हाणी गल्लीच्या जागेत आहे, असं तिच्याच काय, आमच्याही कोणाच्या मनात आलं नव्हतं. आमच्या डोळ्यांना ती घराचा भाग होती.

तिने शेखरला विचारलं, "त्या दिशी ट्रॉली नसती, तरी गाडी अठी अटकली असती?"

शेखरने खाली पाहिलं. तो खोटं बोलला असता तर चाललं असतं. "हो मावशी. अटकली असती. इथून पाईप पुरला असता, पण काही मिनिटं गेलीच असती."

"त्या मिनिटाइत ती वाचली असती?"

"ते मी सांगू शकत नाही."

ती घरात गेली नाही. पायात चप्पल नव्हती, तशीच ठाण्याच्या रस्त्याला लागली. मी मागे गेले, कारण मला वाटलं ती स्वतःचं काही बरंवाईट करील. वाटेत तिचा श्वास असा चालला होता, जसं कोणी करवत ओढतंय. इंद्रभान आमच्या मागोमाग मोटरसायकलवर आले. खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली, "साहेब, कागद काढा. माही न्हानी बी लिहा."

त्यांनी तिला समजावलं. कोणाची तक्रार नाही, त्या दिवशी बंब न्हाणीपर्यंत पोचलाच नव्हता, मग तिचा संबंध येत नाही. शिवाय असं लिहून दिलं तर त्याचा फायदा हिंमतरावांना होईल, तुमच्याच जबाबाचं वजन कमी होईल.

"होऊ द्या," ती म्हणाली. "दोन महिने गेले नाईत अजून, मी साऱ्या गल्लीच्या तोंडावर थुकून राह्यली. हा खोटारडा, तो भेकड. आन् बनीच्या वाटेत माही भिंत उभी होती. मले सांगा, मी कोन झाली मंग? लिहा. नाई लिहिलं त मी अठून उठत नाई."

इंद्रभाननी कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं. तिचा पुरवणी जबाब. तिने वाकड्या अक्षरात सही केली, पेन टेबलावर आपटला आणि उठली.

घरी येऊन तिने पहार घेतली. बंब अजून तिथेच होता, लोकही होते. तिने पत्रा आधी खाली पाडला, मग भिंतीला लागली. त्या बाईचा सगळा राग मी तेव्हा पाहिला. नवऱ्यावरचा, हिंमतरावांवरचा, आमच्यावरचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवरचा. साठीची बाई, पण प्रत्येक घावाला वीट सुटत होती. एक वीट उडून तिच्या नडगीवर लागली, रक्त आलं. शेखर पुढे झाला, तर त्यालाही तिने ढकललं. कोणीही हसत नव्हतं. भिंत कमरेएवढी उरली तेव्हा ती थांबली, धापा टाकत बसली, आणि पहिल्यांदा रडली. ते रडणं ऐकायलाही अवघड होतं, त्यात दुःखापेक्षा चीड जास्त होती. उरलेली भिंत मग मी, शेखर आणि समोरच्या घरातल्या दोन बायकांनी पाडली. बंब देवळापर्यंत गेला आणि तिथून उलटा बाहेर आला.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पावसाळा लागेपर्यंत नऊ जणांनी आपले ओटे आत घेतले. काही जणांनी मनापासून, काहींनी सोजराबाई रोज दारात येऊन उभी राहायची म्हणून. तिघांनी घेतले नाहीत, त्यांचे ओटे आजही आहेत. हिंमतरावांचं शेड नगरपालिकेची नोटीस आल्यावर निघालं. खोल्यांतला कापूस त्यांनी विकून टाकला. सोजराबाईची न्हाणी परत बांधायला मागे जागा नाही. वर्षभर ती माझ्याकडे अंघोळीला येत होती, मग मुलींनी घरातच कोपऱ्यात फरशी लावून दिली. त्या वर्षात आम्ही मैत्रिणी झालो असं मात्र समजू नका. ती अंघोळ करून निघून जायची. माझा पहिला जबाब ती विसरलेली नाही. मीही नाही.

पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बंब गल्लीत येतो. शेखर बायकांना बोलावून पेटलेला गॅस ओल्या पोत्याने कसा विझवायचा ते दाखवतो. पहिल्यांदा कोणी हात लावेना, तेव्हा सोजराबाईनेच पुढे होऊन पोतं टाकलं. ज्या घरांना मागे गजांची खिडकी आहे, तिथे गजांना बिजागऱ्या लावून आतून उघडेल अशी कडी बसवायची, ही इंद्रभान आणि शेखर दोघांची सूचना. एकवीस घरांनी ती मानली. इंद्रभाननी एक वही केली. कोणाच्या घरी म्हातारं एकटं असतं, कोण अंथरुणावर आहे, कोणाची किल्ली शेजारी कोणाकडे असते. तिची एक प्रत ठाण्यात, एक अग्निशमनच्या शेडमध्ये. माहिती गोळा करायचं काम सोजराबाईचं. ती दारात उभी राहून विचारते, आणि कोणी "पाहू मग" म्हटलं की आत शिरते. माझ्या यजमानांचं नाव त्या वहीत तिनेच घातलं. "बाईच्या घरी एक मानूस उठू शकत नाई, दार डावीकडून" असं तिने सांगितलं आणि इंद्रभाननी तसंच्या तसं लिहिलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात देवळाजवळच्या एका घरात नळी फुटून गॅस पेटला. स्वयंपाकघर जळालं, एका सुनेचे हात भाजले. बंब थेट दारापर्यंत गेला. सगळे वाचले. संध्याकाळी लोक त्या घरी विचारपूस करायला गेले, सोजराबाईही गेली. नळी किती वर्षांची होती ते तिने विचारलं. सहा वर्षांची, असं कळल्यावर तिने त्या भाजलेल्या सुनेच्या सासूला सगळ्यांसमोर इतकं झापलं की ती म्हातारी आजही तिच्याशी बोलत नाही.

खटला अजून चालू आहे. तारखा पडतात, सोजराबाई प्रत्येक तारखेला जाते. यंदा तिची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर होते. हिंमतरावांच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे तिचा पुरवणी जबाब काढला, मोठ्याने वाचला आणि विचारलं की तुमच्या न्हाणीमुळेही गाडी अडली असती, हे तुम्हाला मान्य आहे का.

"मान्य आहे," ती म्हणाली. "म्या स्वता लिहून देल्लं."

वकिलाने विचारलं, मग दोष एकट्या हिंमतरावांचा कसा?

"एकट्याचा कुठी म्हनते मी? मलेबी तठी उभं करा, त्याच्या बाजूले. पन माह्या न्हानीचं नाव सांगून त्याले खाली उतरवू नका."

न्यायाधीशांनी तिला विचारल्यापुरतंच उत्तर द्यायला सांगितलं. ती खाली उतरताना हिंमतराव तिच्यासमोरून गेले. थकले आहेत ते आता, काठी आली आहे हातात. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं की इतकी वर्षं झाली, आता थोडा राग कमी कर, तब्येतीला बरं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवी खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "बनी वीस मिनिट काठी वाजवत होती, बाई. ते आधी कमी करा." मग पुढची तारीख विचारायला ती कारकुनाच्या खिडकीकडे गेली.